लवंग, मेडिकलचे थेंब आणि तिसरी रांजणवाडी

नमस्कार डॉक्टरबाई,

मी ४१ वर्षांची. धायरीत राहते, नोकरी डेक्कनला एका पतसंस्थेत. रोज स्कूटरवरून सिंहगड रोडने ये-जा. दिवाळीपासून मला ही तिसरी रांजणवाडी झाली आहे. पहिली पिकली, फुटली आणि गेली. दुसरी डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत झाली. तिचं दुखणं थांबलं, पण हरभऱ्याएवढी गाठ तशीच राहिली. आता उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीला, अगदी केसांच्या मुळाशी, लाल ठणकणारी पुळी आली आहे. मधे पिवळं टोकही दिसतंय. फोडून टाकावी का?

सासूबाई सहाणेवर लवंग उगाळून लावतात. आग होते, पण त्यांना नाही म्हणवत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने पहिल्या वेळी थेंब दिले होते. दोन दिवसांत लाली उतरली, म्हणून तेच आताही घालते आहे. माझ्या दहा वर्षांच्या मुलालाही गेल्या आठवड्यात पापणीवर पुळी आली होती. माझ्यामुळेच त्याला झाली, असं घरात सगळे म्हणतात. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, त्याआधी ही डाव्या डोळ्याची गाठ जाईल का?

सासूबाई म्हणतात की त्यांनाही असंच होतं. त्यांच्या वरच्या पापणीला वर्षभर एक गाठ आहे. एकदा डॉक्टरांनी काढली होती, पण तिथेच परत आली. तिथले पापणीचे केसही गळलेत. त्यांना दुखत नाही, म्हणून त्या लवंगेवरच आहेत. त्या ६७ वर्षांच्या आहेत.

— एक वाचक, धायरी

*

ताई, प्रश्न तुम्ही स्वतःबद्दल विचारलात, पण उत्तराची सुरुवात मी सासूबाईंपासून करणार आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या त्या चार ओळींनी मला तुमच्या तिन्ही रांजणवाड्यांपेक्षा जास्त काळजीत टाकलं. वय ६७, गाठ न दुखणारी, काढल्यावर त्याच जागी परत आलेली आणि तिथले केस गेलेले. या चार गोष्टी एका पापणीवर एकत्र आल्या की ती साधी गाठ आहे असं गृहीत धरायचं नसतं. पापणीतल्या तेलग्रंथींचा एक कर्करोग असतो. तो सुरुवातीला हुबेहूब अशा गाठीचं सोंग घेतो. पाश्चात्त्य देशांत तो विरळा आहे. आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचा वाटा बराच मोठा आहे, त्यामुळे इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना या बाबतीत सावध राहायला शिकवलेलंच असतं. सासूबाईंना तोच आजार आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून कुणालाच ते सांगता येणार नाही. पण तो नाही हे तुकडा तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.

म्हणून हे वाचाल त्याच आठवड्यात त्यांना घेऊन जा. आधीच्या वेळी गाठ काढली तेव्हा ती तपासणीला पाठवली होती का, ते जुन्या फाइलमध्ये बघा. रिपोर्ट असेल तर सोबत न्या, नसेल तर 'या वेळी बायॉप्सी करा' असं स्पष्ट सांगा. ससूनच्या नेत्रविभागात दाखवता येईल, हडपसरच्या बाजूला महंमदवाडीतलं देसाई नेत्ररुग्णालय आहे, किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी घ्या. वेळेत सापडलं तर हे पूर्ण काढून टाकता येतं. सासूबाई 'दुखत नाही तर कशाला' म्हणणार, हे मला इथे बसून ऐकू येतंय. त्यांना सांगा, दुखत नाही म्हणूनच दाखवायचंय.

आता तुमच्याकडे वळते.

तुम्ही लिहिलंय त्यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींना घरात एकच नाव दिलं गेलंय. उजव्या डोळ्याची खालची पुळी ही खरी रांजणवाडी. पापणीच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबली आणि त्वचेवर नेहमीच वस्तीला असलेले स्टॅफिलोकोकस जंतू आत वाढले, की तिथे गळू होतं. ते लाल असतं, ठणकतं आणि पिकतं. डाव्या डोळ्याची गाठ पापणीच्या आत, जरा खोलवर आहे. तिथे तेलग्रंथींची उभी रांग असते. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. हाइनरिक मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली, म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले त्या वर्षी, त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून अजूनही त्या मायबोमियन ग्रंथी म्हणूनच ओळखल्या जातात. डोळ्यातलं पाणी पटकन सुकू नये म्हणून त्या अश्रूंवर तेलाचा पातळ थर सोडतात. यातली एखादी तुंबली की तेल मागे साचतं, आजूबाजूच्या मांसात झिरपतं आणि शरीर त्याच्याभोवती घट्ट गाठ बांधतं. डॉक्टर तिला कॅलेझियन म्हणतात. तिच्यात सहसा पू नसतो आणि जंतूही नसतात. त्यामुळे तिच्यावर अँटिबायोटिकचे थेंब महिनाभर घातले तरी ती आहे तिथेच राहते.

दोन्हींवर पहिला उपाय मात्र एकच, शेक. औषधाच्या दुकानात तो मिळत नाही, म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही. डिसेंबरात डब्यातलं तूप जसं थिजून बसतं, तसं ग्रंथीतलं तेल घट्ट झालेलं असतं. ते पातळ व्हायला पापणीला ४० अंशांच्या आसपासची ऊब सलग मिळावी लागते. लोक दोन मिनिटं शेकतात आणि म्हणतात, काही फरक नाही. स्वच्छ सुती रुमाल घ्या, उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि मग मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. दोन मिनिटांत तो गार होतो, की परत बुडवा. असं सलग दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. ऑफिसमध्ये जमणार नाही हे मला माहीत आहे, तर सकाळी निघण्यापूर्वी एकदा, संध्याकाळी आल्यावर एकदा, जेवण झाल्यावर आणि झोपताना. इस्त्रीवर किंवा तव्यावर तापवलेला रुमाल नको, पापणीची कातडी फार पातळ असते, भाजते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं ओलं फडकंही नको. ते एका जागी गार आणि दुसऱ्या जागी चटका देणारं असतं.

डाव्या डोळ्याच्या गाठीला शेकानंतर हलकं मालिश करा. हात साबणाने धुवायचे, डोळा मिटायचा आणि बोटाच्या पेराने वरच्या पापणीवरून केसांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, सावकाश दाबत यायचं. ग्रंथींची तोंडं कडेला असतात, तेल तिकडेच निघायला हवं. उजव्या डोळ्याच्या पिकलेल्या पुळीला मालिश करायचं नाही, फक्त शेक द्यायचा.

आणि ती फोडायची नाही. नखाने नाही, सुईने नाही, 'टोक आलंय, जरासं दाबलं तर निघेल' असंही नाही. दाबल्यावर पू बाहेर येतो तसा आतही पसरतो. चेहऱ्याच्या या भागातल्या शिरांचं डोळ्याच्या खोबणीशी आणि पुढे मेंदूच्या बाजूशी दळणवळण असतं. मुरमासारखी पिळलेली रांजणवाडी सुजून अख्खी पापणी बंद झालेले पेशंट प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने पाहिलेले असतात. शेक चालू ठेवला तर ती साधारण आठवडाभरात आपोआप फुटते. अगदीच ठणका असह्य झाला तर ज्या केसाच्या मुळाशी पू आहे तो केस डॉक्टर चिमट्याने उपटतात. पुवाला वाट मिळते आणि लगेच बरं वाटतं. हे त्यांच्याकडे जाऊनच करायचं. खरं तर हे छापून येईपर्यंत तुमची ही पुळी बहुधा गेलेलीही असेल. तेव्हा चौथी होऊ नये म्हणून काय करायचं, ते खाली नीट वाचा.

त्याआधी लवंग. सासूबाईंच्या पिढीतले या दुखण्यावरचे घरगुती उपाय मी ऐकत मोठी झाले आहे. तळहातावर बोट घासून गरम करून लावणं, पदराचा बोळा करून त्यात फुंकर मारून तो डोळ्यावर धरणं, खारकेची बी उगाळून लावणं, लवंग उगाळून लावणं. पहिल्या दोन उपायांत तत्त्व ऊब देण्याचंच आहे. हात आणि पदर स्वच्छ असेल तर त्यात वावगं काही नाही, फक्त ती ऊब दोन क्षणही टिकत नाही. उगाळण्याच्या उपायांना मात्र माझा साफ विरोध आहे. लवंगेत युजेनॉल असतं. दाताच्या दुखण्यावर ते उपयोगी पडतं, कारण ते तिथली जागा बधिर करतं. पापणीवर ते आग करतं, आणि तो लेप ओघळून बुब्बुळावर गेला तर तिथला वरचा पापुद्रा सोलवटतो. शिवाय ज्या सहाणेवर चंदन, हळकुंड आणि सुंठ उगाळली जाते, तिच्यावरचं काहीही उघड्या गळवाजवळ नकोच. सासूबाईंना नाही म्हणवत नसेल तर असं करा, त्यांनाच शेकाच्या कामाला लावा. रुमाल बुडवून, पिळून, दर दोन मिनिटांनी बदलून द्यायला माणूस मिळाला तर शेक खरोखर दहा मिनिटं होतो. त्यांनाही काहीतरी केल्याचं समाधान.

आता मेडिकलवाल्याच्या थेंबांबद्दल. 'दोन दिवसांत लाली उतरली' हे वाचलं आणि मला बाटलीवर काय लिहिलं असेल त्याचा अंदाज आला. घरी असेल तर ती आणा, चष्मा लावा आणि बारीक अक्षरातली नावं वाचा. डेक्सामिथासोन, बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमिथोलोन, लोटेप्रेडनॉल यापैकी काही दिसलं तर त्या बाटलीत स्टेरॉइड आहे. बऱ्याचदा ते अँटिबायोटिकच्या जोडीने एकाच बाटलीत येतं, त्यामुळे ऐकायला 'अँटिबायोटिक थेंब' असतं. स्टेरॉइड लाली झटपट उतरवतं, म्हणून गिऱ्हाईक खूश आणि दुकानदाराचंही नाव होतं. पण जंतूंशी चाललेली शरीराची लढाईही ते दाबतं. डोळ्याच्या आत विषाणूचं किंवा बुरशीचं दुखणं लपलेलं असेल तर ते भडकतं. आठवडे-महिने घालत राहिलं तर काही लोकांच्या डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, नजर बाजूने कमी होत जाते, आणि कळतं तेव्हा गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे. तो कोपऱ्यावर किती पाळला जातो, हे तुम्हा-आम्हाला माहीतच आहे.

तुम्ही ते दिवाळीपासून अधूनमधून घालताय. थेंब बंद करा आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा बाटली सोबत नेऊन डोळ्याचा दाब मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि दिवाळीत फोडलेली बाटली आज वापरायचीच नसते. बहुतेक थेंब बाटली उघडल्यावर महिनाभराने टाकून द्यायचे असतात. साध्या रांजणवाडीला खरं तर थेंबांची गरजच नसते. पू वाहत असेल किंवा पापणीची कडच सुजलेली असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक मलम देतात. पोटातून गोळ्या सूज पसरायला लागली तरच.

मग तीन-तीनदा का होतंय? मला यातच खरा रस आहे, कारण एक रांजणवाडी कुणालाही होते. काही महिन्यांत तिसरी झाली, तर पापणीच्या कडेला किंवा अंगात काहीतरी सतत चालू असतं. उद्या सकाळी तोंड धुण्याआधी आरशाजवळ जा आणि पापणीच्या केसांची मुळं बघा. कोंड्यासारखे पांढरे-पिवळे कण चिकटलेले असतील, कडा लालसर असेल, उठल्यावर डोळे चुरचुरत असतील, तर तुम्हाला पापणीच्या कडेची जुनाट सूज आहे. डोक्यात कोंडा असणाऱ्यांना ही बऱ्याचदा असते, आणि अशा वेळी कोंड्यावर उपचार केल्याशिवाय पापणी सहसा शांत होत नाही. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे: शेक दिल्यावर अर्धी वाटी उकळून गार केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब घालायचे, कापसाचा बोळा बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्याच्या केसांची मुळं आडवी पुसून काढायची. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग साध्या पाण्याने धुवायचं. रोज रात्री, दात घासण्याइतक्या नियमाने, आणि पुळी गेल्यावरही.

दुसरं, साखर तपासा. वारंवार गळवं होणं, मग ती पापणीवर का असेनात, ही मधुमेहाची एक खूण असू शकते. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आला तर मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. चाळिशीनंतर ही तपासणी तशीही व्हायलाच हवी.

तिसरं, चष्म्याचा नंबर. जुने डॉक्टर रांजणवाडी दिसली की नंबर तपासायचे. नंबर असताना चष्मा नसला की डोळे ताणले जातात, माणूस सतत ते चोळतो आणि हातावरचे जंतू पापणीत जातात, असं त्यांचं म्हणणं. याला पुराव्यापेक्षा अनुभवाचा आधार जास्त आहे, पण तुमचं वय ४१, दिवसभर पतसंस्थेतले आकडे आणि स्क्रीन, जवळचं दिसायला त्रास सुरू होण्याचं हेच वय. नंबर तपासून तोटा काहीच नाही.

सिंहगड रोडच्या धुळीला मी थेट दोषी धरणार नाही. धूळ गेली म्हणून गळू होत नाही, धूळ गेली म्हणून आपण सिग्नलला थांबून ज्या हाताने हँडल धरलं त्याच हाताने डोळा चोळतो, म्हणून होतं. हेल्मेटची काच खाली ठेवा. आणि तो स्कार्फ! पुण्यातल्या बायकांचा डोळ्यांखालपर्यंत गच्च गुंडाळलेला स्कार्फ मला कौतुकाचा वाटतो, पण तो किती दिवसांनी धुतला जातो हे विचारलं की बहुतेक जणी हसतात. त्याची कड दिवसभर खालच्या पापणीला घासत असते. दोन-तीन ठेवा आणि रोज बदला. उशीचा अभ्राही आठवड्यातून दोनदा.

मुलाबद्दल घरच्यांना सांगा की ही डोळे येण्याची साथ नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि पुण्यात डोळ्यांची साथ पसरली होती, तशी ही एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. रांजणवाडी असलेल्या माणसाकडे बघून तर ती अजिबातच होत नाही. पुवातले जंतू एकाच टॉवेलने किंवा उशीने इकडून तिकडे जाऊ शकतात, म्हणून टॉवेल वेगळे ठेवा, एवढंच. शाळा बुडवायची गरज नाही. पण मुलांच्या बाबतीत, आणि तुमच्याही, काही चिन्हं दिसली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा: सूज पुळीपुरती न राहता पूर्ण पापणीवर किंवा गालावर पसरणं, ताप, डोळा फिरवताना दुखणं, डोळा पुढे आल्यासारखा दिसणं, अंधूक किंवा दोन-दोन दिसणं.

राहता राहिली डाव्या डोळ्याची गाठ आणि भाचीचं लग्न. अशी गाठ शेक-मालिशाने जाते, पण तिला आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. लग्नापर्यंत लहान होईल, पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही. नाहीच गेली तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन. (हो, तेच स्टेरॉइड. पण मोजून, एकदा, डॉक्टरांच्या हातून.) आपल्या सावळ्या कातडीवर त्याने कधी पांढरट डाग पडतो, हे आधी विचारून घ्या. दुसरा म्हणजे छोटी शस्त्रक्रिया. जागा बधिर करतात, पापणी उलटी करून आतल्या बाजूने चीर देतात आणि साचलेलं खरवडून काढतात. पंधरा-वीस मिनिटांत होतं, बाहेर व्रण दिसत नाही, पण काही दिवस पापणी सुजून काळी-निळी होते. म्हणून लग्नाच्या तोंडावर नको. एक तर आत्ताच दाखवून करून घ्या किंवा पंगती उठल्यावर. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा, एका डोळ्यावर पट्टी बांधून गाडी चालवायची नाही. गाठ मोठी असेल तर ती बुब्बुळावर दाब देते आणि नजर धुरकट होते, तसं काही जाणवत असेल तर लग्नाची वाट बघू नका.

लग्नातल्या मेकअपचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार होतात. पुळी पूर्ण जाईपर्यंत काजळ, मस्कारा, आयलायनर काहीही नाही. दिवाळीपासून वापरत असलेलं सगळं टाकून द्या, मस्कारा तसाही तीन महिन्यांपलीकडे ठेवायचा नसतो. गेल्यानंतर काजळ लावाल तेव्हा केसांच्या बाहेरून लावा. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर ओढलेलं काजळ थेट त्या तेलग्रंथींच्या तोंडावरच बसतं. आणि मेकअप करायला येणारी मुलगी नवरीपासून आत्यापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांवरून एकच ब्रश फिरवणार असेल, तर तुमचा ब्रश आणि काजळाची कांडी घरून घेऊन जा. नातेवाईक नाकं मुरडतील, मुरडू देत.